वार्धक्यातील आकस्मिक बुद्धिभ्रम : बुलढाणा जिल्ह्याच्या निमित्ताने एक आढावा

आदल्या दिवशी सायंकाळपर्यंत आपल्या हाताने भाकरी कुस्करून खाणारा, नातवंडांची नावे अचूक घेणारा आणि कपाशीच्या भावाची चौकशी करणारा वृद्ध मनुष्य दुसऱ्या दिवशी पहाटे पोटच्या मुलाला ओळखेनासा होतो, चाळीस वर्षांपूर्वी विकलेल्या बैलांना वैरण टाकावयास निघतो, किंवा भिंतीवर नसलेले किडे दाखवीत अंगावरची चादर चिमटीने ओढू लागतो, तेव्हा भोवतालच्या माणसांना बहुधा तीनच कारणे सुचतात : वय झाले, डोक्यावर परिणाम झाला, अथवा बाहेरचे काही लागले. चौथे कारण, म्हणजे फुप्फुसात, मूत्रमार्गात अथवा पायाच्या चिघळलेल्या जखमेत जंतुसंसर्ग झाला असून त्याची पहिली वर्दी मेंदूने दिली आहे हे, सुचते ते सर्वांत शेवटी. आणि तोवर बहुमोल दोन-तीन दिवस निघून गेलेले असतात.

या स्थितीस आधुनिक वैद्यक डेलिरियम म्हणते. आपण तीस आकस्मिक बुद्धिभ्रम म्हणू. स्मृतिभ्रंशाशी, म्हणजे डिमेन्शियाशी, तिची सर्रास गल्लत होते. परंतु दोहोंची चाल अगदी निराळी आहे. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षे पावलापावलाने येतो आणि त्याच्या पूर्वार्धात मनुष्याचे अवधान बहुधा शाबूत असते. आकस्मिक भ्रम काही तासांत वा दोन-तीन दिवसांत उद्भवतो, सकाळी निवळतो, रात्री उसळतो, आणि त्यात सर्वांआधी ढासळते ते अवधानच. दोन्ही व्याधी एकाच देहात नांदू शकतात. किंबहुना ज्याला स्मृतिभ्रंश आधीच जडला आहे त्यालाच हा भ्रम सर्वाधिक गाठतो, आणि ‘ते तर नेहमी असेच करतात’ या एका वाक्याखाली त्याचा नवा आजार दडपला जातो.

बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न मांडण्यास विशेष कारण आहे. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २५ लाख ८६ हजारांच्या आसपास होती, आणि त्याच जनगणनेत महाराष्ट्रातील साठी उलटलेल्यांचे प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे देशाच्या ८.६ टक्क्यांहून अधिक, भरले. घाटावरचा बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हा मुलूख आणि घाटाखालचा मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पूर्णेच्या खोऱ्यातील मुलूख, या दोन्हींकडील तरुण पिढी शिक्षणासाठी व रोजगारासाठी पुण्या-मुंबईकडे, छत्रपती संभाजीनगराकडे अथवा नागपुराकडे जात असल्यामुळे गावोगावी वृद्ध दांपत्ये आणि एकट्या पडलेल्या वृद्धा मागे राहतात. त्यांतील थोड्याच वृद्धाश्रमात जातात. शासनाने १९६३ पासून वृद्धाश्रमांना अनुदान दिले व १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रमांची योजना काढली. तथापि अशा संस्था आजही थोड्या असून बहुसंख्य वृद्धांची शुश्रूषा घरीच, सुनेच्या, लेकीच्या किंवा पगारी बाईच्या हातून होते. यास्तव वृद्धाश्रमाविषयी जे सांगावयाचे ते घरालाही लागू करूनच सांगितले पाहिजे.

प्रश्न नवा नाही. हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांत ज्वराच्या भरात रोगी हवेत हात फिरवितो, पांघरुणाचे धागे ओढतो आणि भिंतीवरचे कण टिपू पाहतो असे वर्णन असून ते मृत्यूचे पूर्वचिन्ह मानले आहे. रोमन ग्रंथकार सेल्ससने इसवी सनाच्या पहिल्या शतकात ज्वरासमवेत येणाऱ्या भ्रमाची चर्चा केली. आपल्याकडे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील ज्वरप्रकरणात सन्निपातज्वराच्या लक्षणांमध्ये तंद्रा, मोह आणि प्रलाप ही एकत्र सांगितली आहेत, आणि त्याचेच लोकरूप ‘बुढ्याले वात झाला’ या वऱ्हाडी उद्गारात आजतागायत टिकून आहे. ज्वर आणि भ्रम यांचे नाते आपल्या आजीपणजीला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच, की वार्धक्यात ज्वर न येताही भ्रम येऊ शकतो.

विसाव्या शतकात या ज्ञानास शास्त्रीय अधिष्ठान मिळाले. एंगेल आणि रोमानो या अमेरिकन वैद्यांनी १९५९ मध्ये असे प्रतिपादिले, की हृदय वा मूत्रपिंड निकामी होते त्याप्रमाणेच सबंध मेंदूचे कार्य तात्पुरते अपुरे पडणे म्हणजे हा भ्रम होय, आणि मेंदूच्या विद्युत्-आलेखात मंदावलेल्या लहरींच्या रूपाने तो प्रत्यक्ष पाहता येतो. १९९० मध्ये शॅरन इनुये व त्यांच्या सहकाऱ्यांनी खाटेशेजारी बसून करावयाची एक कसोटी सिद्ध केली. तिच्यात चार गोष्टी पाहतात : बदल अकस्मात झाला व कमीजास्त होत राहिला काय, अवधान टिकत नाही काय, बोलणे विस्कळीत आहे काय, आणि जागेपणाची पातळी नेहमीपेक्षा निराळी, म्हणजे अतिसावध वा गुंगलेली, आहे काय. पहिल्या दोन गोष्टी आणि उरलेल्या दोहोंपैकी एक आढळली की निदान झाले असे समजावे.

देहाच्या एका कोपऱ्यातील जंतू मेंदूस कसे बिघडवितात याचा उलगडा अलीकडच्या संशोधनाने पुष्कळसा झाला आहे. बहुतेक प्रसंगी जंतू मेंदूपर्यंत पोहोचत नाहीत. त्यांच्याशी झुंजणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी जी दाहकारक रासायनिक द्रव्ये रक्तात सोडतात त्यांचा संदेश मेंदूपर्यंत जातो आणि तेथील संरक्षक पेशी चेतवल्या जातात. तरुण मेंदूत त्या लवकर शमतात आणि माणसाला नुसती ग्लानी व अरुची जाणवते. परंतु वयाने, मधुमेहाने, पक्षाघाताने वा स्मृतिभ्रंशाने ज्या मेंदूतील या पेशी आधीच अर्धवट चेतवलेल्या असतात तेथे प्रतिक्रिया अतिरेकी होते, आणि अवधान सांभाळणाऱ्या असिटिलकोलीन या द्रव्याचा पुरवठा मुळातच तुटपुंजा असल्यामुळे सारा कारभार कोलमडतो. चैत्रातल्या वऱ्हाडी विहिरीला जसा तळ लागलेला असतो आणि एक जास्तीची मोट तिला कोरडी करते, तशीच ही स्थिती. म्हणूनच तरुणाला चार दिवस खोकविणारा संसर्ग वृद्धाची ओळखपाळख पुसून टाकतो.

उलटपक्षी, ज्या खुणांवरून आपण संसर्ग ओळखतो त्या वार्धक्यात लपून बसतात. गंभीर संसर्ग झालेल्या वृद्धांपैकी पाचांतल्या एकाला, कदाचित तिघांतल्या एकालाही, ताप बेताचाच येतो किंवा येतच नाही. म्हणून दीर्घकालीन शुश्रूषेच्या संस्थांसाठी अमेरिकन संसर्गतज्ज्ञांनी २००८ मध्ये तापाची व्याख्याच सैल केली : तोंडातील तापमान एकदा १०० अंश फॅरनहाइटच्या वर गेले, वारंवार ९९ च्या वर राहिले, अथवा त्या व्यक्तीच्या नेहमीच्या तापमानापेक्षा २ अंशांहून अधिक वाढले, तरी तो ताप समजावा. न्यूमोनियात खोकला वा छातीतील कळ नसली तरी श्वासाची गती वाढते. पोटाच्या हालचालीकडे पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजले आणि ते पंचवीसच्या पुढे गेले, तर फुप्फुसाचा संशय घ्यावा. विल्यम ऑस्लरने १८९८ मध्ये न्यूमोनियाला वृद्धांचा मित्र म्हटले ते तो वेदनेवाचून नेतो म्हणून. आज ज्या संसर्गावर औषध आहे त्याला हे मित्रत्व बहाल करण्याचे कारण नाही. करोनाच्या साथीत तर ही गोष्ट साऱ्या जगास दिसली. अमेरिकेतील रुग्णालयांच्या आकस्मिक विभागांत आलेल्या ८१७ वृद्ध करोनाबाधितांच्या २०२० मधील पाहणीत २८ टक्क्यांना आल्याच वेळी बुद्धिभ्रम होता, आणि त्या भ्रमिष्टांपैकी ३७ टक्क्यांना ना ताप होता ना धाप.

येथवर वैद्यांमध्ये एकवाक्यता आहे. खरा वाद आहे तो लघवीसंबंधी. वृद्धाश्रमातील कोणी बरळू लागले की लघवी तपासावी, तीत जंतू निघावेत, अँटिबायोटिक सुरू व्हावे आणि प्रकरण दप्तरदाखल व्हावे, अशी वहिवाट जगभर पडली आहे. परंतु दीर्घकालीन निवासी संस्थांतील वृद्ध स्त्रियांपैकी २५ ते ५० टक्क्यांच्या आणि पुरुषांपैकी १५ ते ४० टक्क्यांच्या लघवीत कसलीही तक्रार नसताना जंतू सापडतात, आणि ज्याला लघवीची नळी दीर्घकाळ लावलेली आहे त्याच्या बाबतीत तर ते सापडणे जवळजवळ ठरलेलेच असते. म्हणजे जंतू सापडले एवढ्यावरून भ्रमाचा गुन्हा त्यांच्यावर शाबीत होत नाही. ते तेथे कालही होते, आणि काल मनुष्य शुद्धीवर होता. म्हणूनच २०१९ च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांनी असा निवाडा दिला, की लघवीला जळजळ नाही, ओटीपोटात वा कुशीत दुखणे नाही, ताप नाही, रक्तदाब उतरलेला नाही, अशा भ्रमिष्ट वृद्धाला केवळ लघवीतील जंतूंसाठी अँटिबायोटिक देऊ नये. अन्य कारणांचा कसून शोध घ्यावा आणि बारीक नजर ठेवावी.

याचा विपरीत अर्थ काढू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग वृद्धाला भ्रमिष्ट करू शकतो, आणि तो रक्तात पसरला तर प्राणही घेतो; ताप, थंडी, कुशीतील वेदना किंवा उतरलेला रक्तदाब असेल तर क्षणभरही थांबू नये. हरकत आहे ती लघवीचा अहवाल हाती येताच तपास बंद करण्याला. कारण त्या अहवालाच्या आड न्यूमोनिया राहून जातो, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही अँटिबायोटिके स्वतःच वृद्धांना भ्रम आणतात, आणि हा धोका ज्याची मूत्रपिंडे दुबळी आहेत त्याला सर्वांत अधिक असतो.

मूत्रपिंडांचा हा मुद्दा घाटाखालच्या तालुक्यांत विशेष जड आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाण पट्ट्याचे भूजल क्षारयुक्त आहे. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या भागांतील मूत्रपिंडविकाराची तक्रार जुनी असून लोक तिचा संबंध पिण्याच्या पाण्याशी जोडत आले आहेत. अशा मनुष्याला साधी हगवण लागली तरी देहातील पाणी व सोडियम यांचा मेळ बिघडतो, नेहमीच्या औषधांचा अंश रक्तात साचत जातो, आणि तेवढ्यावर बुद्धी ढळू शकते. त्यात वैशाखाचे ऊन, तहानेची मंदावलेली जाणीव, आणि रात्री उठावे लागू नये म्हणून सायंकाळनंतर पाणी न पिण्याची वृद्धांची सवय. औषधांच्या दुकानातून आणलेली सर्दीची गोळी, शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी, पोटदुखीवरचे औषध, यांपैकी कित्येक औषधे अवधानाच्या त्याच रासायनिक द्रव्यावर घाला घालतात. चार-चार दिवसांचा मलावरोध, तुंबलेली लघवी, मधुमेह्याची अकस्मात उतरलेली साखर, खुब्याचा लक्षात न आलेला अस्थिभंग हीही कारणे होत. बहुधा दोन-तीन कारणे एकत्र येतात, आणि संसर्ग हा त्यांतील शेवटचा धक्का असतो.

यात आणखी एक गफलत संभवते. आरडाओरडा करणारा, अंथरुणातून उठून धावणारा रोगी सर्वांच्या डोळ्यांवर येतो. परंतु वृद्धांमध्ये या भ्रमाचा शांत प्रकार वारंवार आढळतो, ज्यात मनुष्य निपचित पडून राहतो, विचारल्यास एका शब्दात उत्तर देतो, घास तोंडात धरून बसतो आणि दिवसभर पेंगतो. तो कोणाला त्रास देत नाही, म्हणून त्याची कोणी तक्रार करीत नाही. उलट ‘आज आजी अगदी शांत आहेत’ अशी समाधानाची नोंद होते. हाच प्रकार सर्वाधिक वेळा हुकतो.

वर सांगितलेल्या कसोटीतील पहिली गोष्ट, म्हणजे बदल अकस्मात झाला काय ही, रोग्याकडे पाहून कळत नाही, रक्तातून निघत नाही, छातीच्या फोटोत दिसत नाही. ती सांगू शकतो केवळ तो, ज्याने त्या मनुष्याला काल, परवा आणि गेल्या महिन्यात पाहिले आहे. घरात ही साक्ष सून देते, लेक देते, क्वचित दहा वर्षांची नातही देते. वृद्धाश्रमात दिवसपाळीची बाई निराळी, रात्रपाळीची निराळी, भेट देणारे डॉक्टर आठवड्यातून एकदा येणारे, आणि मुलगा फोनवर. तेथे साक्षीदार पुष्कळ असून साक्ष कोणाचीच नसते. चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळ येथे बेवारस मनोरुग्णांचा सांभाळ करणारा सेवासंकल्प आश्रम आहे. अशा ठिकाणी रस्त्यावरून येणाऱ्या वृद्धाविषयी तर कालची हकीकत सांगणारे जगात कोणी नसते. त्यासाठी वैद्यकाचा नियम असा, की पूर्वस्थिती अज्ञात असेल तेथे भ्रम नवाच आहे असे गृहीत धरून तपास करावा आणि जुना ठरला तर मागाहून तसे म्हणावे.

हाच विचार श्रद्धेच्या प्रश्नासही लागू पडतो. बुलढाणा तालुक्यात पिंपळगाव सराईनजीक सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आणि मनाचा तोल गेलेल्या आप्तांना घेऊन हिंदू-मुसलमान कुटुंबे दूरदूरहून येतात. वर्षानुवर्षांच्या व्याधीने थकलेल्या कुटुंबाला तेथे धीर मिळतो याची थट्टा करण्याचा अधिकार कोणास नाही. परंतु ज्या वृद्धाची बुद्धी काल रात्री ढळली त्याला तेथे किंवा अन्य कोठेही उताऱ्यासाठी नेण्यापूर्वी त्याची साखर, श्वास, नाडी आणि रक्तदाब पाहिला गेला पाहिजे. कारण त्याच्या हाती असलेला अवधी दिवसांचा नसून तासांचा असतो.

उपचारांचे तत्त्व साधे आहे : भ्रमावर नव्हे, कारणावर औषध द्यावे. झोपेची सुई टोचून रोगी निजविला म्हणजे तो बरा झाला असे नव्हे. दारू सुटल्यामुळे आलेल्या भ्रमासारखे अपवाद सोडले तर त्या औषधांनी भ्रम लांबतो. मनोविकारावरील औषधांनी भ्रमाचा अवधी कमी होत नाही हे अनेक चाचण्यांचा एकत्र विचार केल्यावर दिसून आले आहे. रोगी स्वतःस वा इतरांस इजा करील अशी भीती असेल तेवढ्यापुरता, अत्यल्प मात्रेत, डॉक्टरांच्या हुकमानेच त्यांचा उपयोग करावा. हातपाय खाटेला बांधल्याने भीती वाढते आणि भ्रमही वाढतो. याउलट चष्मा डोळ्यांवर, श्रवणयंत्र कानात आणि कवळी तोंडात असणे, दिवसा उजेड व रात्री काळोख मिळणे, वेळेवर पाणी पाजणे, दिवसातून दोनदा हाताला धरून चालविणे, नको असलेली नळी काढून टाकणे, आणि ओळखीच्या माणसाने शेजारी बसून ‘बाबा, आज मंगळवार, तुम्ही खामगावच्या दवाखान्यात आहात’ असे सांगत राहणे, या गोष्टींचे सामर्थ्य मोजून पाहिलेले आहे. इनुये यांच्या १९९९ च्या अभ्यासात सत्तर वा त्याहून अधिक वयाच्या ८५२ रुग्णांपैकी ज्यांची अशी निगा राखली त्यांच्यात भ्रमाचे प्रमाण ९.९ टक्के आणि इतरांत १५ टक्के आढळले.

भ्रम ओसरतोच असेही नव्हे. रुग्णालयातील भ्रमिष्ट वृद्धांपैकी सुमारे एक-तृतीयांश महिन्यानंतरही पुरते सावरत नाहीत. आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासात सरासरी दोन वर्षांच्या आत भ्रम झालेल्यांपैकी ३८ टक्के, तर न झालेल्यांपैकी २७.५ टक्के मृत्यू पावले. घरच्यांना हे आधी सांगितले तर दवाखान्यातून आणलेला मनुष्य पंधरवडाभर चाचपडतो तेव्हा ते हताश होत नाहीत, आणि त्याला कायमचा वेडा ठरवीतही नाहीत.

आता कायद्याचे पाहू. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा २००७ चा अधिनियम प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम काढण्याची मुभा राज्यास देतो, त्यांतील वैद्यकीय सेवेचे निकष ठरविण्याचा अधिकारही देतो, आणि रुग्णालयांत वृद्धांसाठी खाटा व निराळ्या रांगा असाव्यात असे सांगतो. निकष ठरवावयाचे तर पहिला निकष अत्यंत स्वस्त आहे. प्रत्येक निवासी वृद्धाच्या नावे एक पान असावे : तो चालतो कसा, जेवतो किती, त्याला वार सांगता येतो काय, त्याचे नेहमीचे तापमान व श्वासाची गती काय, औषधे कोणती, चष्मा-कवळी-यंत्र काय, आणि दर पाळीच्या अखेरीस एक ओळ, की आज मनुष्य नेहमीसारखा होता अथवा नव्हता. संशय आल्यास वार उलटे म्हणावयास सांगावे. रविवार, शनिवार, शुक्रवार असे मागे जाण्यास अक्षरओळख लागत नाही, अवधान मात्र लागते, आणि काल जमलेले आज जमले नाही तर ती वर्दी समजावी. मग वाट न पाहता साखर मोजावी, करोनाच्या काळात घरोघर आलेल्या ऑक्सिमीटरने प्राणवायू पाहावा, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून ते पान रोग्याबरोबर पाठवावे.

जिल्हाधिकारी आणि समाजकल्याण खाते यांनी अशा पानाची तजवीज जिल्ह्यातील प्रत्येक वृद्धाश्रमास बंधनकारक करावी, आणि ज्या घरात सत्तरीपुढचे माणूस आहे त्या घराने हुकमाची वाट न पाहता एका वहीत ते आजच लिहून ठेवावे.